सम्राटाचे तीनशें दिवस आणि आमचे आठ तास

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें हल्लीं परदेशीं असतात, आणि आईबापांस समुद्रपर्यटनास नेण्याची चाल आपल्या घरांतूनही पडूं लागली आहे. अशा जहाजावर रात्रीं प्रवास घडतो व दिवसा एखाद्या बंदरीं सात-आठ तास उतरावयास मिळतें. हे तास कसे घालवावे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. गतवर्षीं चिरंजीवांच्या आग्रहास्तव आम्हांस असा योग आला. त्यांतील एल्बा बेटावरील एका दिवसाची हकीकत आज सादर करीत आहों. या हकीकतींत आमच्या एका जुन्या चुकीची कबुलीही आहे.

एल्बा हें इटलीच्या पश्चिम किनाऱ्याजवळचें बेट. मुख्य भूमीपासून तें सुमारें १० किलोमीटर दूर असून त्याचें क्षेत्रफळ सुमारें २२४ चौरस किलोमीटर आहे. प्राचीन एत्रुस्कन लोकांच्या काळापासून येथें लोखंड काढीत. शेवटच्या खाणी १९८१ सालीं बंद झाल्या. मुख्य गांव पोर्तोफेर्राइओ. या नांवाचा अर्थच 'लोहबंदर' असा आहे. फ्लॉरेन्सचा अधिपति कोसिमो मेदिची यानें १५४८ पासून येथें तट व किल्ले बांधविले, ते अद्याप उभे आहेत. परंतु जगास हें बेट ठाऊक आहे तें नेपोलियनमुळें.

आदल्या रात्रीं चिरंजीवांनीं सात स्थळांची यादी पुढें ठेविली. "अहो, आपण बेट पाहावयास आलों आहोंत कीं यादी पुरी करावयास?" असें सौभाग्यवतींनीं आम्हांस विचारिलें, उत्तर मात्र चिरंजीवांनीं द्यावयाचें होतें. अखेर असें ठरलें कीं, नेपोलियनचीं दोन घरें पाहावीं व उरलेला वेळ धक्क्यावर स्वस्थ बसावें. चिरंजीव व सूनबाई पांढऱ्या गोट्यांच्या किनाऱ्यावर पोहावयास गेलीं, आणि आठ वर्षांचा नातू आमच्याबरोबर आला.

जहाज खाडींत नांगरलें होतें. लहान होडीनें आम्ही धक्क्यास लागलों. जुन्या गांवांतील वरचे रस्ते म्हणजे बहुतेक पायऱ्याच. गुडघे कुरकुरणाऱ्यांनीं त्या सकाळीं, उन्हाआधीं चढाव्या. गांवाच्या माथ्यावर, दोन किल्ल्यांच्या मध्यें, जेथें पूर्वीं पवनचक्क्या होत्या तेथें नेपोलियनचें राहतें घर आहे. दालनें बेताचीं आहेत. त्याच्या ग्रंथसंग्रहांतील पुस्तकें तेथें आहेत. मागें बाग आणि बागेखालीं समुद्र. नातवानें सर्व खोल्या हिंडून झाल्यावर विचारिलें, "आजोबा, त्याला कोंडलें होतें ती खोली कोणती?"

आम्ही निरुत्तर झालों. कारण 'नेपोलियनला एल्बा बेटांत कैदेंत ठेविलें' हें वाक्य आम्हीं बत्तीस वर्षें शाळेंत शिकविलें होतें, आणि तेंच आदल्या रात्रीं त्यालाही सांगितलें होतें.

वस्तुस्थिति निराळी आहे. ११ एप्रिल १८१४ च्या तहानें नेपोलियननें फ्रान्सचें सिंहासन सोडलें. त्याबदलीं एल्बाचें राज्य त्याला तहहयात मिळालें, सम्राट ही पदवी कायम राहिली व वर्षास २० लक्ष फ्रँकांची नेमणूक ठरली. ४ मे रोजीं तो येथें उतरला. सुमारें बारा हजार वस्तीच्या या राज्यास त्यानें स्वतःचें निशाण दिलें: पांढऱ्या वस्त्रावर तिरपा तांबडा पट्टा आणि पट्ट्यावर तीन सोनेरी मधमाश्या. त्यानें रस्ते करविले, खाणींच्या उत्पन्नाची व्यवस्था लाविली, एका जुन्या ख्रिस्ती देवळाचें नाट्यगृह केलें. अर्ध्या युरोपखंडास हुकूम सोडणारा पुरुष गांवच्या केरकचऱ्याबद्दल हुकूम काढीत होता. यास कैद म्हणतां येत नाहीं.

दुसरें घर सान मार्तिनो येथें, गांवापासून पांच-सहा किलोमीटरांवर, डोंगराच्या कुशींत आहे. भाड्याच्या मोटारीनें आम्ही तेथें गेलों. त्यांतील एका दालनाच्या भिंती मिसर देशाच्या आठवणींनीं रंगविल्या आहेत, व एका चित्रित स्तंभावर लॅटिन भाषेंत लिहिलें आहे कीं, नेपोलियन कोठेंही सुखी असतो. अर्थ ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "सुखी होता, तर गेला कां?"

कारणें होतीं. ठरलेली नेमणूक पॅरिसहून येईना. आपणांस आणखी दूर नेऊन टाकतील, अशी त्याला धास्ती होती. आई येऊन राहिली होती, बहीणही आली होती; परंतु पत्नी व तीन वर्षांचा मुलगा यांस तिकडे व्हिएन्नामध्यें ठेवून घेतलें होतें. तीं कधींच आलीं नाहींत. हें ऐकल्यावर सौभाग्यवती थोड्या थांबून म्हणाल्या, "मुलगा जवळ नसला, मग बेट लहान काय नि मोठें काय!" परदेशीं राहणाऱ्या मुलाच्या आईचें हें बोलणें, त्यावर आम्हीं भाष्य केलें नाहीं.

दुपारीं धक्क्याजवळ खाण्याचा प्रश्न आला. एका दुकानांत मनुका व अक्रोड घातलेली जाड, तांबूस, गोड पोळी मांडलेली होती. तींत अंडें नसतें, हेंही कळलें. आम्ही दोन घेणार, तोंच सूनबाईंनीं तिचें नांव उलगडून सांगितलें: 'झिंगलेली पोळी'! पीठ भिजवितांना तींत येथील गोड मद्य घालतात. आम्हीं नमस्कार करून पाव, टोमॅटो व फळें घेतलीं. सारांश, पदार्थांत अंडें आहे कीं नाहीं एवढेंच विचारून भागत नाहीं.

शेवटची होडी साडेचार वाजतां होती. आम्ही पावणेचारांसच धक्क्यावर हजर होतों. जहाजाच्या व्यवस्थेनें काढलेल्या सहलीस उशीर झाला, तर जहाज बहुधा थांबतें. स्वतंत्र हिंडणाऱ्यांसाठीं तें थांबत नाहीं. तेव्हां घड्याळ जहाजाच्या वेळेशीं लावावें, परतण्याची वेळ कागदावर लिहून घ्यावी, आणि दोनच स्थळें निवडून त्यांविषयीं आधीं घरींच वाचावें.

वाचून गेलों असतों, तर नातवापुढें निरुत्तर होण्याची पाळी आमच्यावर आली नसती. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी या ओळी वाचीत असतील, तर त्यांनीं पुढील दुरुस्ती करून घ्यावी. नेपोलियन एल्बांत कैदी नव्हता, राजा होता. २६ फेब्रुवारी १८१५ रोजीं सुमारें हजार माणसें घेऊन तो आपलें राज्य टाकून गेला. २० मार्चला पॅरिसला पोंचला. १८ जूनला वॉटर्लू येथें हरला. त्याचें खरें बंदिवासाचें बेट म्हणजे सेंट हेलेना. तेथें इंग्रजांच्या पहाऱ्यांत ५ मे १८२१ रोजीं त्याचा अंत झाला. कैदी पळाला ही एक गोष्ट, आणि मिळालें तें राज्य पुरेना म्हणून राजा गेला ही दुसरी. मुलांस दुसरी सांगावयास हवी होती. आम्हीं पहिली सांगितली.

नातवाची दुरुस्ती त्याच रात्रीं जहाजावर केली.