सात आमदार कुणाचे?

विधान परिषदेत शिक्षकांच्या ७ जागा. शेतमजुरांची एकही नाही! असो. १९७७ च्या कायद्यानं खाजगी शाळेतल्या मास्तरला संस्थेच्या मालकानं मनमानी करून हाकलू नये म्हणून न्यायाधिकरण दिलं. चांगलं झालं. संघटना हा कायदा जिवापाड जपतात. पण त्याच कायद्याच्या १९८१ च्या नियमावलीत नियम ९ आहे, राखीव जागांचा. तो कोण जपतं? वस्तीतला डी.एड. झालेला पोरगा मुलाखतीला गेला की बिंदुनामावली कुणी दाखवत नाही, जागेचा भाव सांगतात. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला. पेन्शन मिळालीच पाहिजे. पण अनुशेषासाठी असा संप कधी? सातही आमदारांनी येत्या अधिवेशनात रिकाम्या राखीव जागांची यादी मागावी, संस्थेच्या नावानिशी.