नफ्यातला अर्धा वाटा
1952 साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, प्राइनव्हिल नावाच्या लहानशा गावात, लेस श्वाब यांनी टायरचं एक मोडकळीला आलेलं दुकान विकत घेतलं. त्यासाठी राहतं घर विकलं, नातेवाइकाकडून पैसे उचलले. आणि तोवर या माणसाने स्वतःच्या हाताने एक पंक्चरही काढलं नव्हतं! लहान वयात आईवडील गेले, तेव्हा घरोघर वर्तमानपत्रं टाकून पोट भरलं होतं, एवढीच काय ती शिदोरी. पुढे पश्चिम अमेरिकेत दुकानांची संख्या पाचशेच्या घरात गेली. गाडी आवारात शिरताच कामगार धावत सामोरा येतो, पंक्चर फुकट काढून मिळतं, हे सगळेच सांगतात. मला मात्र मोलाची वाटते ती नफ्याची वाटणी. प्रत्येक दुकानाच्या नफ्यातला साधारण निम्मा हिस्सा तिथे राबणाऱ्यांना मिळे, आणि व्यवस्थापकही बाहेरून आणलेला नसे. टायर बदलता बदलता ज्याचे हात काळे झाले, त्यालाच ती खुर्ची. तो कामगार धावत येई, त्याचं खरं कारण मला इथे दिसतं. श्वाब 2007 मध्ये गेले, 2020 मध्ये कुटुंबाने कंपनी विकली. आपल्याकडे वडिलोपार्जित धंदा सांभाळणाऱ्या मालकांनी दिवाळीच्या बोनसच्या पलीकडे जाऊन अशा वाटणीचा एकदा तरी गंभीरपणे विचार करावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.