सुटलेला नांगर

बिअरविषयी लिहायला मी सर्वस्वी नालायक माणूस आहे, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात आंबवण्याची मजल इडलीच्या पिठापलीकडे गेलेली नाही. तरीही २०२३ च्या दिवाळीत सॅन फ्रान्सिस्कोला मुलाकडे गेलो असताना, मॅरिपोसा स्ट्रीटवर एका बिअरच्या भट्टीच्या बंद दारापुढे मी चांगला पाच मिनिटे हळहळत उभा राहिलो. का, ते सांगतो.

भट्टीचे नाव ‘अँकर’. म्हणजे नांगर, शेतातला नव्हे, जहाजाचा! हे नाव तिला १८९६ साली मिळाले. त्या काळी तिथे बर्फाची वानवा. म्हणून थंडीत आंबवायची बिअर उथळ, उघड्या हौदांत, समुद्रावरच्या गार हवेत आंबवीत. तिला ‘स्टीम बिअर’ म्हणत. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत भट्टी जळाली. १९२० पासून तेरा वर्षे दारूबंदी आली. दोन्हींतून ती पुन्हा उठली.

१९६५ साली मात्र ती शेवटच्या घटका मोजत होती. कपडे धुण्याच्या यंत्रांनी नाव कमावलेल्या घराण्यातला फ्रिट्झ मेटॅग, वय वर्षे २७, नेहमीच्या खानावळीत हीच बिअर पीत असे. भट्टी बंद होणार असे कानी आले, म्हणून हे चिरंजीव ती बघायला गेले आणि ५१ टक्के मालकी पदरात पाडून घेतली! धंद्याची माहिती शून्य. पण हौदांच्या स्वच्छतेपासून सगळे तो शिकला. १९७१ मध्ये बिअर बाटलीत भरली. १९७५ पासून दर नाताळला एक खास बिअर निघू लागली. दर वर्षी कृती निराळी आणि बाटलीवर झाडाचे चित्रही निराळे, आपल्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासारखे! अमेरिकेत पुढे हजारो लहान भट्ट्या निघाल्या, त्यांनी हाच कित्ता गिरवला.

२०१० मध्ये मेटॅगने भट्टी विकली. २०१७ मध्ये ती जपानच्या बलाढ्य ‘सप्पोरो’ कंपनीच्या हाती गेली. २०१९ मध्ये कामगारांनी युनियन केली. २०२१ मध्ये बाटल्यांवरची जुनी, हाताने काढलेली चित्रे गेली आणि जुने गिऱ्हाईक हिरमुसले. खप घटला, महासाथ आली, महागाई आली. जुलै २०२३ मध्ये कंपनीने भट्टी बंद करण्याचे जाहीर केले. कामगार म्हणाले, आम्ही मिळून विकत घेतो, आम्हीच चालवतो. ते काही जमले नाही.

“बाबा, परवडेना म्हणून बंद केली. यात हळहळण्यासारखे काय?” मुलगा म्हणाला.

हिशेबाने त्याचेच बरोबर होते. पण मेटॅगलाही कुठे परवडत होते? बुडती भट्टी दोघांच्याही हाती होती. एकाला तिची चव ठाऊक होती, दुसऱ्याला तिचा ताळेबंद. माझ्या मते फरक पडला तो इथेच.

पुढे २०२४ मध्ये हमदी उलुकाया या, दह्याच्या धंद्यात पैसा कमावलेल्या उद्योगपतीने ती भट्टी कृतींसकट विकत घेतल्याची बातमी मी घरी मोठ्याने वाचून दाखवली. आमची ही ताक घुसळता घुसळता म्हणाली, “दहीवाला आहे ना? मग त्याला कळेल. विरजण शेजारणीकडेही मिळतं हो. रात्री आठवणीने लावणारं माणूस घरात लागतं!”