पोर लवकर वयात आली, दोष कुणाचा?

नेसरी-गडहिंग्लज भागात वस्तीवर गेलो की आयाबाया आम्हाला आवाज खाली घेऊन विचारतात, "पोरीला दहावं लागायच्या आतच न्हाण आलं, असं कसं हो?" त्यावर आजीचा निर्वाळा तयार असतो. अंडी खाल्ली, टीव्ही बघितला, पोरांत खेळली! म्हणजे गुन्हेगार कोण, तर ती पोरच.

भगिनींनो, वयात येण्याचा हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. बालपणभर तो या बाबतीत गप्प असतो. मग एके दिवशी तो थांबून थांबून एक संप्रेरक सोडू लागतो. त्याने पिच्युटरी ग्रंथी जागी होते, आणि ती मुलीच्या बीजकोशांना कामाला लावते. हे कधी घडावे, यात आनुवंशिकता आहे, आहार आणि वजन आहे, तसाच मनावरचा ताणही आहे.

आम्ही पडलो कारकून, हिशेब सरळ लागावा अशी आमची सवय. इथे तो तसा लागत नाही. ताणात याच हायपोथॅलॅमसच्या इशाऱ्यावर कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात वाढते. ते फार वाढले आणि पोटही उपाशी राहिले, तर पाळी लांबते. क्रोएशियातील शिबेनिक गावात पहिली पाळी १९८५ साली सरासरी १२.८७ वर्षांनी येत होती. युद्ध होऊन गेल्यावर १९९६ साली ती १३.१३ वर्षांवर गेली.

उलटही घडते. घरात रोजचा तंटा, बापाचा आधार नाही, अशा घरांतल्या मुली लवकर वयात येतात, असे जे बेल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली मांडले. लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलींमध्ये शरीरातले बदल इतरांपेक्षा आठ महिने ते वर्षभर आधी सुरू झाल्याचे अमेरिकेतल्या २०१७ सालच्या अभ्यासात दिसले. ताण हे एकच कारण नसते, हेही खरे. भारतातून स्वीडनला दत्तक गेलेल्या १०७ मुलींची पाहणी १९९१ साली छापून आली. त्यांची पाळी साधारण ११.६ व्या वर्षीच आली होती. आधी उपासमार आणि मग एकदम पोटभर अन्न, त्यामुळे शरीराने घाई केली असे डॉक्टरांचे म्हणणे. २०२०च्या लॉकडाउनमध्ये अकाली वयात येणाऱ्या मुली वाढल्याचे पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातील डॉक्टरांना आढळले. शाळा बंद, खेळ बंद, मोबाईल हातात, वजन वाढते आणि घरात धास्ती. यातले नेमके कशाने किती झाले, ते वेगळे काढणे अवघड.

अंडी खाल्ल्याने काही होत नाही, ती खुशाल द्या. बाप दारू पिऊन येतो, आई मार खाते आणि पोर कोपऱ्यात बसून बघते, त्याची मात्र चौकशी कुणी करत नाही. वर पाळी आली की शाळा बंद, स्थळे सुरू! अहो, विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. पाळी आली तरी दहा वर्षांची पोर दहा वर्षांचीच राहते. अठराच्या आत लग्न हा तर कायद्याने गुन्हाच आहे.

मुलीला आठच्या आत आणि मुलाला नऊच्या आत वयात आल्याची लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना दाखवाच. हाडे लवकर जुळून उंची खुंटते. हे बदल थोपवणारी इंजेक्शने आहेत. तेराव्या वर्षापर्यंत छातीत काहीच बदल नाही, किंवा पंधरापर्यंत पाळी नाही, तरीही दाखवा. गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय आहे, कोल्हापूरचे सीपीआर आहे. आणि पोर एकाएकी गप्प झाली, एखाद्या नातेवाइकाला पाहून दडू लागली, तर तिला न रागावता जवळ घेऊन विचारा. १०९८ हा मुलांसाठीचा फोन फुकट आहे. रात्री-अपरात्रीही लागतो.