पावती हातात, तरी पर्स टेबलावर



‘चोरी केली नसेल तर पिशवी दाखवायला काय हरकत?’ हे आपल्या अंकातील पत्र वाचून राहवले नाही. आमच्या वहिनींना एका मोठ्या दुकानाच्या दारात अडवले, कारण काउंटरवरच्या मुलाने कुर्त्याचा टॅग काढलाच नव्हता. पावती हातात असूनही त्यांना आतल्या गोदामात नेले, पर्स टेबलावर उपडी केली. रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा चारचौघांसमोर घरंगळल्या.

पत्रलेखक म्हणतात, दुकानदाराला तेवढा अधिकार असतोच. मुळीच नसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार खासगी व्यक्ती पकडू शकते ती आपल्यादेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला. त्यालाही सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. ५,००० रुपयांहून कमी किमतीच्या मालाची चोरी तर आता अदखलपात्र आहे! उलट, बेकायदा कोंडून ठेवणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दिवाणी नुकसानभरपाईचा दावा वेगळाच.

वहिनींना साधे ‘माफ करा’ही कुणी म्हटले नाही. असा प्रसंग आलाच, तर सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी त्याच दिवशी करावी. बऱ्याच ठिकाणी ते थोड्या दिवसांत पुसले जाते.

– एक वाचक, डोंबिवली