साहस आणि ‘स्वयंअपघात’

पावसाळा सुरू झाला की वृत्तसंपादकांच्या टेबलावर दोन प्रकारचा मजकूर एकाच वेळी येऊ लागतो. चोर्ला किंवा अनमोड घाटातल्या धुक्यात रांगेने उभ्या असलेल्या उंच, धिप्पाड मोटरसायकली आणि रेनकोट घातलेले हसतमुख तरुण ही पहिल्या प्रकारची छायाचित्रे. दुसरा मजकूर चार-सहा ओळींचा असतो. वळणावर ताबा सुटला, दुचाकी कठड्यावर आदळली, बांबोळीला नेईपर्यंत तरुणाचा मृत्यू झाला. अशा बातमीसाठी आपल्याकडच्या मराठी पत्रकारितेने एक शब्द रूढ केला आहे: ‘स्वयंअपघात’. छायाचित्रे पर्यटनाच्या सदरात जातात आणि बातमी अपघातांच्या रकान्यात. दोन्हींत तीच मोटरसायकल, तोच घाट आणि बहुधा तेच वय असते, पण ती एकत्र वाचण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. साहसी मोटरसायकल सफरींची ओढ ज्या वेगाने वाढते आहे, तो पाहता ती सवय आता लावून घ्यावी लागेल.

ही ओढ क्षणिक नाही. तिच्यामागे गेल्या दशकातले बाजाराचे गणित आहे. डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारी, पुढे २१ इंची मोठे चाक असलेली, खड्ड्यांचा धक्का पचवणारी मोटरसायकल पूर्वी परदेशी कंपन्यांची आणि अतिश्रीमंतांची मक्तेदारी होती. मार्च २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डने ४११ सीसीची ‘हिमालयन’ दीड लाख रुपयांच्या आसपास बाजारात आणली आणि हे चित्र पालटले. मे २०१९ मध्ये हिरो कंपनीची ‘एक्सपल्स २००’ एक लाखाहूनही कमी किमतीत आली. पुढच्याच वर्षी चाकणच्या कारखान्यात तयार होणारी केटीएमची ‘३९० ॲडव्हेंचर’ आली. पगारदार तरुणाला हप्त्यांवर परवडेल अशी साहसाची किंमत प्रथमच ठरली.

या कथेत गोव्याचे स्थान केवळ ग्राहकाचे नाही. २०१३ साली ‘इंडिया बाइक वीक’ हा महोत्सव गोव्यातच सुरू झाला. केटीएमची ती गाडी भारतीयांना प्रथम दिसली ती डिसेंबर २०१९ मध्ये वागातोर येथे. रॉयल एनफिल्डच्या चाहत्यांचा ‘रायडर मेनिया’ हा मेळावाही वागातोरलाच भरत आला. २०२३ मध्ये त्याचे ‘मोटोव्हर्स’ असे नामांतर झाले आणि नव्या ४५० सीसी हिमालयनची किंमत तिथल्याच मंचावरून जाहीर झाली. देशभरातील मोटरसायकलप्रेमींनी वर्षातून एकदा यावे असे ठिकाण म्हणून या राज्याची ओळख घडली आहे, आणि ती घडण्यात सरकारी प्रोत्साहनाचाही वाटा आहे.

शिवाय दुचाकी गोमंतकीयाला नवी नाही. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल घेऊन तिठ्यावर उभा राहणारा ‘पायलट’ हे आपल्या सार्वजनिक वाहतुकीचे जुने रूप आहे. पोदेर पाव घेऊन येतो तोही आज अनेक ठिकाणी दुचाकीवरून. आधीच्या पिढीसाठी दुचाकी हे पोटाचे साधन होते. आजच्या पिढीने त्याच वाहनात सुटकेची वाट शोधली आहे. राज्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर. समुद्रकिनाऱ्यावर सकाळचा चहा घेऊन दुपारच्या आत सह्याद्रीच्या माथ्यावर पोहोचता येईल असे प्रदेश फार नाहीत.

या तरुणांची टिंगल करणे सोपे आहे, पण ते अन्याय्य ठरेल. आठवडाभर पडद्यासमोर बसून काम करणाऱ्या माणसाला आपल्या निर्णयाचा परिणाम तत्क्षणी, आपल्या हातांत जाणवावा असे वाटणे स्वाभाविक आहे. निसरड्या वळणावर ब्रेक किती दाबायचा, ओढ्यात गाडी घालायची की मागे फिरायचे, हे तिथे दुसरा कोणी ठरवत नाही. बिघडलेली गाडी मिळून दुरुस्त करताना जुळलेली मैत्री टिकाऊ असते. घरातून एकटीने बाहेर पडण्याचा आत्मविश्वास अनेक तरुणींना या छंदाने दिला आहे. बंगळुरूच्या ऐश्वर्या पिसे हिने २०१९ मध्ये वाळवंटी शर्यतींच्या जागतिक बाहा चषकात महिलांचे विजेतेपद मिळवले, तेव्हा हे क्षेत्र पुरुषांचेच असल्याचा समजही मोडला.

मात्र या ओढीबरोबर एक भ्रमही वाढला आहे. साहस म्हणजे उंची, अंतर आणि वेग, शिवाय त्याचा पुरावा म्हणजे छायाचित्र, असे समीकरण झाले आहे. लडाखमधील खारदुंग ला खिंडीत वर्षानुवर्षे १८,३८० फूट अशी पाटी होती. प्रत्यक्ष मोजणीत ती खिंड साडेसतरा हजार फुटांच्या आसपास भरते. तरीही हजारो स्वारांनी त्या पाटीशेजारी उभे राहून जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता सर केल्याचे समाधान मानले. पुढे सीमा रस्ते संघटनेने उमलिंग ला येथे १९,०२४ फुटांवर रस्ता नेला, आणि गर्दी तिकडे वळली.

इथे शब्दाकडेच वळून पाहणे उपयोगाचे ठरेल. ‘साहस’ हा आज गौरवाचा शब्द आहे, पण त्याचे मूळ तसे नाही. मनुस्मृतीत न्यायनिवाड्याची जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत ‘साहस’ हे एक पद आहे आणि तिथे त्याचा अर्थ बळजोरीने, उघडपणे केलेला गुन्हा असा आहे. मराठी घरांतही ‘भलते साहस करू नकोस’ हे वाक्य आजवर ताकीद म्हणूनच ऐकू आले. इंग्रजी ‘ॲडव्हेंचर’चा प्रतिशब्द म्हणून तो वापरात रुळला आणि त्याचा कलंक गळून पडला. ते गैर झाले नाही. गैर इतकेच झाले की त्या शब्दात दडलेला जुना प्रश्नही गळाला: या कृतीची झळ कर्त्याखेरीज आणखी कोणाला बसते?

साहसाचे शिखर मानल्या जाणाऱ्या डकार शर्यतीने हा प्रश्न सोडलेला नाही. २०१५ मध्ये सी. एस. संतोष हा ही शर्यत पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. २०२४ मध्ये केरळच्या हरिथ नोआ याने तिथल्या ‘रॅली २’ गटात पहिला क्रमांक मिळवला. या दोघांची छायाचित्रे अनेकांच्या भ्रमणध्वनीवर सापडतील. पण त्याच शर्यतीत वस्तीजवळून जाताना वेगमर्यादेचे पट्टे आखलेले असतात आणि ती मर्यादा ओलांडणाऱ्याला वेळेचा दंड सोसावा लागतो, हे फारसे कोणी सांगत नाही. २०२१ पासून मोटरसायकलस्वाराला हवेने फुगणारे संरक्षक जाकीट तिथे सक्तीचे आहे. त्याच वर्षी संतोषला सौदी अरेबियात गंभीर अपघात झाला. शर्यतीची वैद्यकीय यंत्रणा सज्ज होती, त्याला हेलिकॉप्टरने रुग्णालयात नेण्यात आले आणि तो वाचला. जगातील सर्वांत खडतर शर्यत गावापाशी वेग कमी करायला लावते आणि पडणाऱ्याला उचलण्याची तयारी आधी करते. आपल्या रविवारच्या सफरीत या दोन्ही गोष्टी नसतात.

आता आपला घाट पाहू. केरीहून वर चढणारा चोर्ल्याचा रस्ता हा बेळगावहून येणाऱ्या भाजीच्या ट्रकांचा, रुग्णांना घेऊन उतरणाऱ्या गाड्यांचा आणि माथ्यावरच्या गावांतील माणसांचा नित्याचा मार्ग आहे. तो म्हादई अभयारण्याच्या हद्दीतून जातो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ नुसार अभयारण्यातून सार्वजनिक महामार्गाने जाण्याची मुभा आहे. तो सोडून विनापरवाना आत शिरणे हा गुन्हा आहे. म्हणजे ‘जरा कच्च्या वाटेने जाऊन पाहू’ असे म्हणत चाक डांबरावरून खाली उतरवले की त्या क्षणी सफरीचे स्वरूप बदलते. पावसाळी रात्री बेडूक याच रस्त्यावरून उड्या मारत पलीकडे जातात. सकाळी डांबराला चिकटलेली त्यांची कलेवरे दिसतात. त्याचा दोष एकट्या मोटरसायकलींचा नाही, पण हौसेने रात्री काढलेल्या प्रत्येक फेरीची त्यात भर पडते.

‘स्वयंअपघात’ या शब्दाचीही तपासणी करायला हवी. दुसरे वाहन गुंतलेले नव्हते, एवढाच त्याचा पोलिसी अर्थ. वाचकाच्या मनात मात्र तो ‘स्वतःच्या चुकीने गेला’ असा उतरतो आणि पुढचे प्रश्न मिटतात. वळणावर फलक होता का? रस्त्यावर आलेली माती कोणी हटवली होती का? काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली भाड्याची दुचाकी घेऊन घाटात गेलेल्या पर्यटकाला पावसात घाट उतरण्याविषयी कोणी दोन वाक्ये सांगितली होती का? भ्रमणध्वनीला संपर्क नसलेल्या टप्प्यावर मदत कोणाकडे मागायची? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती आणि सुमारे ५० हजार जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. एकूण मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक अतिवेगामुळे झाले. स्वाराची जबाबदारी हे आकडे लपवत नाहीत. पण इतक्या मोठ्या प्रमाणावर होणारी गोष्ट केवळ ‘स्वयं’ असू शकत नाही.

आजवर शासनाकडून या ओढीला दोनच उत्तरे मिळाली आहेत: किनाऱ्यावर महोत्सव आणि डोंगरात बंदी. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळी परिसरातील मैनापी धबधब्यावर दोघे बुडाल्यानंतर वन खात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर प्रवेशबंदी घातली. त्याच महिन्यात दूधसागरला निघालेल्या शेकडो पदभ्रमण करणाऱ्यांना रेल्वेस्थानकावर अडवून उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत देशभर गाजली. जीव वाचवण्यासाठी तातडीची बंदी समजण्यासारखी आहे. पण बंदीने ठिकाण बंद होते, ओढ बंद होत नाही. एक वाट अडली की ती दुसरी, अधिक अनोळखी वाट शोधते.

करांच्या बाबतीतही असाच विचार दिसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील दुचाकींचा अधिभारासह ३१ वरून ४० टक्क्यांवर गेला. मोठी साहसी मोटरसायकल सरकारच्या लेखी चैनीची वस्तू ठरली. तसे असेल तर चैनीच्या या कराचा काही अंश ती चालवायला शिकवण्यावर खर्च व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. वाहन परवान्यासाठी आपण अजूनही सपाट मैदानात आठचा आकडा काढायला लावतो. चिखलात, उतारावर, सामान लादलेली गाडी कशी आवरायची, याची परीक्षा नाही आणि सार्वजनिक प्रशिक्षणही नाही. ते शिक्षण आज यूट्यूबवर होते किंवा थेट घाटात.

महोत्सव आणि बंदी यांच्या मधले काम तसे लहान आणि कंटाळवाणे आहे, म्हणूनच ते राहून गेले आहे. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी १०८ सेवेची रुग्णवाहिका घाटाच्या पायथ्याशी उभी ठेवता येईल. मोटरसायकल रुग्णवाहिका या राज्यात आहेतच. संपर्क नसलेल्या टप्प्यांवर मदतीचे दूरध्वनी बसवता येतील. भाड्याने दुचाकी देणाऱ्याला हेल्मेटबरोबर घाटाविषयीची सूचना देणे बंधनकारक करता येईल. माथ्यावर स्वार थांबतात ती ठिकाणे ठरवून, तिथल्या पंचायतीला वाहनतळाचे शुल्क घेण्याचा अधिकार दिला तर ज्या गावाला गोंगाट सोसावा लागतो, त्याच्या पदरी काही पडेल.

कच्च्या वाटांची हौस भागवण्यासाठी डिचोली, सत्तरी, सांगेच्या बाजूला वापरात नसलेल्या खाण-जमिनींचा विचार होऊ शकतो. लाल मातीचे, चढउतारांचे ते रस्ते अभयारण्याबाहेर असतील तर प्रशिक्षणाला योग्य ठरतील. इथे दोन अटी मात्र सोडता येणार नाहीत. पाण्याने भरलेले खंदक आधी सुरक्षित व्हायला हवेत आणि खनिजवाहू ट्रकांची धूळ वर्षानुवर्षे खाल्लेल्या त्या गावांची संमती आधी घ्यायला हवी. गावाने नको म्हटले, तर नको. पुन्हा एकदा त्यांच्या अंगणात दुसऱ्यांची हौस नेऊन टाकणे म्हणजे ‘साहस’ शब्दाचा जुना अर्थ खरा करणे होईल.

स्वारांच्या गटांकडेही मागण्यासारखे बरेच आहे. जबाबदार गट आजही पुढे एक आणि मागे एक अनुभवी स्वार ठेवतात, सर्वांत नवख्याच्या वेगाने चालतात आणि पाऊस वाढला तर माघारी फिरतात. छायाचित्रात ही माघार दिसत नाही. ती दिसावी, तिचेही कौतुक व्हावे, हे काम त्या गटांनी आणि आम्हा माध्यमांनी मिळून करायचे आहे. धुक्यातील रांगेचे छायाचित्र आम्ही आनंदाने छापतो. त्यासोबत त्या घाटात गेल्या पावसाळ्यात किती जण पडले आणि का, हे छापण्याची जबाबदारी आमची आहे.

पुढचा पावसाळा दरवर्षीप्रमाणे जूनमध्ये येईल आणि पहिल्याच रविवारी केरीच्या चढावर मोटरसायकलींची रांग लागेल. त्याआधीच्या काही महिन्यांत वाहतूक, पर्यटन आणि वन या तीन खात्यांनी आणि घाटावरच्या पंचायतींनी एकदा तरी एकत्र बसावे. त्या बैठकीला स्वारांनाही बोलवावे. चार ओळींच्या बातम्या त्यामुळे पूर्ण थांबणार नाहीत. पण ‘स्वयंअपघात’ असे लिहिताना तो शब्द आज जितका अपुरा वाटतो, तितका तो पुढच्या वर्षी वाटू नये.