देणगीचा आहे, हात लावायचा नाही



दिवाळीआधी माहेरी, लातूरला गेले होते. वहिनीने माळा आवरायला काढला होता. पितळी पातेली, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, कुणाच्या तरी लग्नातल्या रुखवताच्या टोपल्या, आणि सगळ्यांच्या मागे जुन्या साडीत गुंडाळलेला एक संगणक. भाच्याने कॉलेजात असताना घेतलेला. आता त्याच्याकडे लॅपटॉप आहे, म्हणून हा माळ्यावर. "उद्या भंगारवाला येतोय, देऊन टाकते. नाहीतर तुझ्या महिला मंडळाला घेऊन जा, दान होईल," वहिनी म्हणाली.

मी म्हटलं, "दान होईल, पण असंच नाही. आधी माझी एक चूक ऐक."

तीच चूक आज तुम्हालाही सांगते. सांगायला लाज वाटते, पण उत्तम आर्जव धर्मावर मी याच ठिकाणी लिहिलं होतं, तेव्हा लपवून चालणार नाही.

चार वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वात, उत्तम त्यागाच्या दिवशी, आम्ही नांदेडच्या काही जणींनी तीन जुने संगणक एका वसतिगृहाला दिले. तिथे ऊसतोड कामगारांची मुलं राहतात. आपल्या कंधार, लोहा, मुखेड भागातून दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून माणसं कारखान्यांकडे जातात, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलं बरोबर गेली की शाळा सुटते, म्हणून काही जण त्यांना वसतिगृहात ठेवतात. आम्ही गेलो, संगणकांना हळदकुंकू वाहिलं, हार घातले, फोटो काढले. आम्हाला शाल-श्रीफळ मिळालं. घरी येऊन मी समाधानाने एकाशन केलं.

सहा-सात महिन्यांनी वह्या वाटायला पुन्हा गेले. संगणक एका खोलीत टेबलावर ओळीने मांडलेले होते. वरून प्लास्टिक, त्यावर आमचेच वाळलेले हार. चौथीतली एक मुलगी दाराशी उभी होती. मी कौतुकाने विचारलं, "काय काय शिकलीस गं यावर?" ती दोन पावलं मागे सरकली. "नाही काकू. देणगीचा आहे, हात लावायचा नाही म्हणलेत."

मी प्लास्टिक काढून संगणक सुरू करायला गेले. पहिला सुरूच होईना. दुसरा सुरू झाला आणि त्याने पासवर्ड मागितला. तो माझ्याच घरातून गेलेला होता, पासवर्ड माझ्या मुलीच्या वाढदिवसाचा! तो घातला तर समोर आमच्या दुकानाची उधारी, पॅन कार्डाची प्रत, मुलीच्या सहलीचे फोटो. मी सगळं तसंच देऊन टाकलं होतं. तिसऱ्यावर कुणीतरी पाचपन्नास रुपयांच्या सीडीवरून टाकलेली चोरीची प्रणाली होती. तिचा पडदा काळा पडला होता आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी बजावणी येत होती. तिथल्या शिक्षकांना दोष कसा देऊ? त्यांना कुणी काही दाखवलंच नव्हतं. बिघडलं तर दाते काय म्हणतील, ही धास्ती मात्र होती. ती धास्ती आमच्या हारांनीच घातली होती.

त्या दिवशी मला कळलं, की माझ्या घरातली अडगळ मी त्यांच्या घरात नेऊन ठेवली आणि तिला दान म्हटलं.

आता माझं मत सांगते. गरजू मुलांना जुने संगणक अवश्य द्यावेत. पण ते चालते करून द्यावेत, त्यात मुलांसाठीची मुक्त सॉफ्टवेअर घालून द्यावेत, आणि बरोबर आपला आठवड्याचा एक तास द्यावा. यातलं एक जरी राहिलं तर ते शोभेचं दान होतं.

"मुक्त" हा शब्द जरा समजून घेऊ या. मुक्त म्हणजे नुसतं फुकट नव्हे. ज्याचा वापर, अभ्यास, बदल आणि वाटप करायला सगळ्यांना मोकळीक आहे, ते मुक्त सॉफ्टवेअर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या चळवळीची सुरुवात केली. विरजणासारखं आहे हे. शेजारणीला वाटीभर दिलं तरी आपलं कमी होत नाही, आणि तिने त्याचं श्रीखंड करायचं की मठ्ठा, हे तिचं ती ठरवते. लिनक्स हे असंच विरजण. केरळच्या सरकारी शाळा गेली कित्येक वर्षं त्यावरच चालतात.

आपल्याला तर याचं आणखी एक कारण आहे. आपण अचौर्य अणुव्रत म्हणतो. तत्त्वार्थसूत्रात त्याचे अतिचार सांगितले आहेत, त्यात "तदाहृतादान" आहे, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणं. आता सांगा, चोरीची प्रणाली घातलेला संगणक मुलांच्या हातात देऊन आपण ज्ञानदान केलं म्हणायचं का? मुलाचा पहिला धडाच चोरीच्या पाटीवर! विकत घ्यायची तर ऐपत नाही, चोरायची तर व्रत मोडतं. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हा पेच उरतच नाही.

आणि मुलांसाठी त्यात किती गोड गोष्टी आहेत! जीकॉम्प्री नावाचं एक आहे. ब्रुनो कुदुआँ या फ्रेंच माणसाने २००० मध्ये ते सुरू केलं. फ्रेंचमध्ये त्या नावाचा उच्चार "मला समजलं" असा ऐकू येतो. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी त्यात शंभरावर खेळ आहेत: माउस धरायला शिकणं, मोजणं, घड्याळ वाचणं, कोडी सोडवणं. बऱ्याच खेळांना वाचता यावं लागत नाही. टक्स पेंट हे चित्रं काढण्याचं. मोठी मोठी बटणं, ठसे उमटवले की आवाज. टक्समॅथमध्ये आकाशातून उल्का पडतात, त्यांवर गणितं लिहिलेली असतात, उत्तर बरोबर दिलं की उल्का फुटते. मोबाइलवरच्या खेळांत मुलं दिवसभर माणसं मारत असतात. इथे निदान जीवहिंसा नाही, फुटतो तो दगड! यांत जाहिराती येत नाहीत, आणि एकदा भरून दिलं की इंटरनेट नसलं तरी चालतं. आपल्या खेड्यांत हे फार महत्त्वाचं. लिहिण्यासाठी लिबरऑफिस आहे, त्याचे मेनू मराठीत करता येतात.

पण नुसतं यंत्र आणि सॉफ्टवेअर दिलं की मुलं आपोआप शिकतात का? जगाने हा प्रयोग आपल्याआधी करून पाहिला आहे. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस निग्रोपॉन्टी यांनी २००५ मध्ये गरीब मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. हिरवा-पांढरा, कानांसारखे दोन अँटेना असलेला, उन्हातही पडदा दिसणारा. त्यातलं "शुगर" हे मुलांचं सॉफ्टवेअरही मुक्तच. किंमत मात्र शंभरावर काही थांबली नाही, दोनशे डॉलरच्या आसपास गेली. आपल्या केंद्र सरकारने २००६ मध्ये या योजनेला नकार दिला. तरी २००७ मध्ये भारतातला पहिला प्रयोग झाला, तो आपल्या महाराष्ट्रातच: रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट या छोट्या गावी. एका शिक्षकाची जिल्हा परिषद शाळा, पहिली ते चौथीची जेमतेम वीसेक मुलं. पण तिथे लॅपटॉप कपाटात गेले नाहीत. शिक्षक मुलांबरोबर बसले, मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनीही पुढे त्या मुलांबरोबर काम केलं.

दुसरीकडे पेरू देश. त्यांनी आठ लाखांहून जास्त लॅपटॉप घेतले. २०१२ मध्ये तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांच्या सर्वसाधारण विचारशक्तीत थोडी वाढ दिसली, पण गणित आणि भाषा यांत काहीच फरक आढळला नाही. लाखो यंत्रं पोचली, पण ती शिकण्यात कशी वापरायची हे शिक्षकांपर्यंत पुरेसं पोचलं नव्हतं.

मला यातून एवढंच दिसतं: तिथेही चूक आमच्या मंडळासारखीच झाली, फक्त आकडा मोठा. लहान पोराला पुस्तक देऊन आपण स्वयंपाकघरात निघून जातो का? "ग म भ न" बोट धरूनच गिरवून घेतो ना?

काही जणी म्हणतील, "अगं, पण आम्हालाच संगणक येत नाही, आम्ही काय शिकवणार?" त्यांना कौण्डेशाची कथा आठवावी. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी चार दानांचे चार दृष्टांत दिले आहेत, त्यातला हा एक. गोविंद नावाचा गुराखी. त्याला झाडाच्या ढोलीत एक शास्त्र सापडलं. त्याने ते जपलं, रोज वंदलं, आणि मुनिराजांच्या हाती दिलं. पुढच्या जन्मी तोच शास्त्रात पारंगत कौण्डेश मुनी झाला. आणि गंमत पाहा, ज्याला आपण ज्ञानदान, शास्त्रदान म्हणतो, त्यासाठी आचार्यांनी तिथे शब्द वापरला आहे "उपकरण". त्यांच्या मनात शास्त्र, पिंछी, कमंडलू होते हे खरंच. शाळेतला संगणक म्हणजे शास्त्र, असं मी म्हणत नाही. पण ज्ञानाचं साधन योग्य हाती पोचवणं हेही दान, एवढा अर्थ घेतला तर अविनय होऊ नये. आणि आपल्या सोलापूरच्या श्राविकाश्रमात पंडिता सुमतीबाई शहांनी मुलींसाठी आयुष्य वेचलं, तेही नुसत्या वस्तू वाटून नव्हे.

आणखी एक आक्षेप येतो: मुलं आधीच मोबाइलला चिकटलेली, त्यात आणखी एक पडदा कशाला? हा आक्षेप मला पटतो, म्हणूनच तर आपला तास हवा. मोबाइलवर मूल बहुतेक वेळा बघत बसतं. संगणकावर त्याला काहीतरी करायला लावता येतं: चित्र, हिशेब, स्वतःचं नाव. आणि तास संपला की बंद करायला कुणीतरी जवळ असतं.

आता कामाचं. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. पुढची आवृत्ती बऱ्याच जुन्या संगणकांवर चढत नाही. त्यामुळे आपल्या दुकानांतून, क्लासेसमधून, सीएंच्या ऑफिसांतून चांगले चालते संगणक बाहेर निघत आहेत. त्यांवर हलकं लिनक्स मजेत चालतं. देताना एवढं पाहा. आपली माहिती आधी दुसरीकडे उतरवून घ्या आणि मग हार्ड डिस्क जाणकाराकडून पूर्ण पुसून घ्या, नुसतं डिलीट करून भागत नाही. पंखा, धूळ, वायर तपासा. लॅपटॉप असेल तर उत्तम, कारण आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. कीबोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावा. आणि जो संगणक खरंच मेला आहे, तो दान म्हणून पाठवू नका आणि वाटेल त्या भंगारातही घालू नका. तांब्यासाठी वायरी जाळतात, त्या धुरात माणसाचीही हिंसा आहे आणि बारीक जिवांचीही. मान्यताप्राप्त ई-कचरा केंद्राकडेच द्या. माझी कसोटी सोपी आहे: जो माझ्या नातवाला देणार नाही, तो दुसऱ्याच्या लेकरालाही नाही.

हो, आणि संगणकावर आपलं नाव लिहू नका. पंख्याच्या पात्यांवर नावं घालून झाली आहेत आपली, तेवढी पुरेत.

आमच्या तीन संगणकांचं पुढे काय झालं? भाचा लातूरहून अहमदपूर-लोहामार्गे एसटीने आला, दोन दिवस राहिला. एक संगणक बादच निघाला, त्याचे भाग काढून उरलेले दोन धड केले. लिनक्स घातलं, खेळ घातले. प्लास्टिक मी स्वतः काढून घरी आणलं. तेव्हापासून आम्ही चौघी आळीपाळीने शनिवारी दुपारी जातो. मला अजूनही फारसं येत नाही. काही अडलं की मुलीच सांगतात, "काकू, तिथं नाही, इथं दाबा."

दाराशी उभ्या असलेल्या त्या मुलीने पहिल्या दिवशी आपलं नाव मराठीत लिहिलं. एक जोडाक्षर जमेना, चार वेळा पुसलं. मग आईचं नाव लिहिलं आणि म्हणाली, "हे आईला दाखवता येईल का? ती पाडव्याला येणार आहे." आम्ही छापून दिलं.

वहिनीचा संगणक मी नांदेडला आणला आहे. तुमच्या माळ्यावर काय आहे, आज जरा शिडी लावून पाहता का?